लेखनप्रक्रियेचे अध्यापन
लेखनप्रक्रियेचे अध्यापन : भाषेच्या विद्यार्थ्यांना पूर्ण झालेल्या लेखनाचे नमुने गिरवावयास न लावता, लेखन ज्या क्रियांमधून सिद्ध होते त्या क्रिया शिकविण्याची पद्धती. विषय सुचणे, सामग्री जमविणे, कच्चा खर्डा करणे, तो दुसऱ्यास वाचून दाखविणे, त्यात फेरफार करणे, भाषिक तपासणी करणे व पक्की प्रत तयार करणे, या त्या प्रमुख क्रिया होत. मातृभाषा व द्वितीय भाषा अशा दोन्हींच्या शिक्षणात ही पद्धती अवलंबिली जाते. पारंपरिक निबंधाध्यापनात विद्यार्थ्याने लिहिलेला मजकूर हे परीक्षणासाठी आलेले अंतिम उत्तर मानले जाते. या पद्धतीत तोच मजकूर विद्यार्थ्याच्या विचाराची एक अवस्था मानला जातो. दोहोंतील मूलभूत भेद हाच असून शिक्षकाचे काम, चुकांकडे पाहण्याची दृष्टी व मूल्यमापन यांतील बाकीचे भेद त्यातून उद्भवतात.

संकल्पना : मराठीत ‘लेखन’ या शब्दाने दोन भिन्न गोष्टींचा बोध होतो. अक्षरे रेखाटणे ही पहिली व मजकुराची रचना करणे ही दुसरी. रामदासांच्या दासबोधात (दशक १९, समास १) आलेले लेखनक्रियेचे निरूपण पहिल्या अर्थाचे असून त्यात अक्षरांचे वळण, ओळींची मांडणी, कागद, शाई व लेखण्या यांचा सूक्ष्म विचार आढळतो. शालेय व्यवहारात सुलेखन व शुद्धलेखन यांवर भर दिला गेल्याने दुसऱ्या अर्थाचे लेखन हे स्वतंत्रपणे शिकविण्याजोगे कौशल्य आहे, ही जाणीव मागे पडली. ज्याला लिहिता येते तो लिहितो, ज्याला येत नाही त्याने चांगले निबंध वाचून पाठ करावेत, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली. लेखनप्रक्रियेचे अध्यापन ही समजूत नाकारते. निष्णात लेखकही पहिल्याच प्रयत्नात सुविहित मजकूर लिहीत नाही. त्याची काटछाट वाचकाला दिसत नाही, एवढेच. विद्यार्थ्याला मात्र ही काटछाट कधीच पाहावयास मिळत नसल्यामुळे, आपला पहिला खर्डा कच्चा उतरला म्हणजे आपल्याला लिहिताच येत नाही, असा निष्कर्ष तो काढतो. ही चुकीची समजूत दूर करणे, हे या अध्यापनाचे पहिले उद्दिष्ट होय.

ऐतिहासिक आढावा : लेखनाच्या क्रियेचा विचार सर्वस्वी आधुनिक नाही. रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियन (सु. ३५–सु. १००) याने आपल्या वक्तृत्वविषयक ग्रंथाच्या दहाव्या खंडात लेखनाच्या सवयींचा ऊहापोह केला आहे. लेखनाची दुरुस्ती म्हणजे भर घालणे, वगळणे व बदलणे असे तो सांगतो आणि मजकूर काही काळ बाजूस ठेवून मग नव्या नजरेने तपासावा, असा सल्ला देतो. ग्रीक-रोमन शाळांतून लहान कथा, वचनाचा विस्तार, स्तुती, तुलना, वर्णन इ. क्रमवार रचनापाठ दिले जात. चौथ्या शतकातील ॲफ्थोनियसच्या पुस्तकात असे चौदा पाठ आहेत. पुढील काळात या परंपरेतील क्रम व नमुने टिकून राहिले. दुरुस्तीचा विचार मात्र क्षीण होत गेला.

अमेरिकेत हार्व्हर्ड विद्यापीठाने १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी रचनालेखनाचा समावेश केला. त्यानंतर शाळा-महाविद्यालयांतून निबंधलेखन हा सार्वत्रिक अभ्यासविषय बनला. ठरावीक विषय, ठरावीक वेळ, परिच्छेदांची ठरावीक मांडणी आणि शेवटी लाल शाईने केलेल्या खुणा, असे त्याचे स्वरूप होते. पद्धतीचा हा साचा इंग्रजी शिक्षणाबरोबर इतर देशांतही दृढ झाला.

या साच्याबाहेरचे काही प्रयोग उल्लेखनीय आहेत. रशियन साहित्यिक लेव्ह टॉलस्टॉय (१८२८–१९१०) याने यास्नाया पोल्याना येथील आपल्या शाळेत शेतकऱ्यांच्या मुलांसमवेत कथा लिहिल्या आणि लेखन कोणी कोणाकडून शिकावे, असा प्रश्न १८६२ मध्ये एका निबंधाद्वारे उपस्थित केला. फ्रेंच शिक्षक सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) याने १९२०–३० या दशकात वर्गात छपाईयंत्र आणले. मुले आपल्या अनुभवांवर मुक्तपणे लिहीत, वर्ग त्यांतील एक मजकूर निवडी, सर्वजण मिळून तो सुधारीत आणि मग मुले स्वतः खिळे जुळवून तो छापीत. छापलेला मजकूर दुसऱ्या गावच्या शाळेत पाठविला जाई. खरा वाचक मिळाला म्हणजे दुरुस्ती ही शिक्षा न राहता गरज बनते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

संशोधन : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत या विषयाला शास्त्रीय अभ्यासाचे रूप आले. रिचर्ड ब्रॅडॉक, रिचर्ड लॉइड-जोन्स व लोवेल शोअर यांनी १९६३ मध्ये तोपर्यंतच्या संशोधनाचा आढावा घेतला. केवळ औपचारिक व्याकरण शिकविल्याने लेखन सुधारत नाही. उलट प्रत्यक्ष लेखनाचा वेळ त्यात खर्च झाल्यास अपायही होऊ शकतो, असा निष्कर्ष त्यांनी नोंदविला. पुढील वर्षी गॉर्डन रोमन व ॲल्बर्ट व्लेकी यांनी प्रत्यक्ष लेखनाआधीच्या वैचारिक तयारीकडे लक्ष वेधून तिला ‘पूर्वलेखन’ ही संज्ञा दिली. १९६६ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात इंग्लंड-अमेरिकेतील भाषाशिक्षकांची परिषद भरली. भाषाशिक्षणाचा केंद्रबिंदू विद्यार्थ्याचा विकास हा असावा, या विचाराला तिने चालना दिली.

जॅनेट एमिग यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारावीतील आठ विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार करीत लिहावयास सांगितले व त्यांच्या क्रियांची नोंद केली. पाठ्यपुस्तके सांगतात त्याप्रमाणे आधी पक्का आराखडा व मग लेखन, असा सरळ क्रम विद्यार्थी पाळीत नाहीत, असे त्यांना आढळले. शाळेने नेमून दिलेले लेखन विद्यार्थी उरकून टाकतात, तर स्वतः निवडलेल्या विषयावर ते अधिक थांबून, अधिक फेरफार करून लिहितात, हेही त्यांनी दाखविले. संपादकीय लेखनासाठी १९५४ मध्ये पुलिट्झर पारितोषिक मिळविलेले डॉनल्ड मरी (१९२४–२००६) यांनी १९७२ मध्ये, लेखन हे फलित म्हणून नव्हे तर प्रक्रिया म्हणून शिकवावे, असे आग्रहाने प्रतिपादन केले. पत्रकाराच्या व्यवसायातील खर्डे व दुरुस्त्या यांचा अनुभव त्यांच्या या भूमिकेमागे होता.

सोंड्रा पर्ल यांनी १९७९ मध्ये लेखनात कच्च्या समजल्या जाणाऱ्या पाच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. हे विद्यार्थी निष्काळजी नव्हते. उलट एकेका शब्दाच्या शुद्धतेची चिंता ते वाक्य पुरे होण्यापूर्वीच करीत आणि त्यामुळे त्यांच्या विचाराचा धागा वारंवार तुटे. नॅन्सी सॉमर्झ यांनी १९८० मध्ये वीस विद्यार्थी व वीस अनुभवी लेखक यांच्या दुरुस्त्यांची तुलना केली. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने दुरुस्ती म्हणजे शब्द बदलणे; अनुभवी लेखकांच्या दृष्टीने ती युक्तिवादाचा आकार शोधण्याची व वाचकाच्या नजरेने मजकूर पाहण्याची क्रिया, असा भेद त्यांना दिसून आला. लिंडा फ्लॉवर व जॉन हेज यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात नियोजन, शब्दांकन व पुनरवलोकन या तीन क्रिया मानल्या असून, त्या एकीमागून एक न घडता एकमेकींत शिरतात व लेखक त्यांवर सतत देखरेख ठेवतो, असे म्हटले आहे. अशा रीतीने लेखनाची प्रक्रिया पुनरावर्ती आहे, हा सिद्धांत प्रस्थापित झाला.

चुकांचा अर्थ : या संशोधनाला सामाजिक आशय प्राप्त झाला तो न्यूयॉर्कमधील घटनांमुळे. तेथील नगर विद्यापीठाने १९७० मध्ये शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या सर्वांना प्रवेश खुला केला. गरीब वस्त्यांतील, कृष्णवर्णीय, प्वेर्तो रीकन व स्थलांतरित कुटुंबांतील हजारो विद्यार्थी महाविद्यालयांत आले. त्यांचे लेखन पाहून, हे विद्यार्थी उच्च शिक्षणास पात्रच नाहीत, असा निर्णय अनेकांनी दिला. सिटी कॉलेजमधील प्राथमिक लेखनवर्गांच्या प्रमुख मिना शॉनेसी (१९२४–७८) यांनी १९७० ते ७४ या काळात प्रवेशाच्या वेळी लिहून घेतलेले सु. ४,००० निबंध अभ्यासले. एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स (१९७७) या ग्रंथात त्यांनी दाखविले, की या चुका यदृच्छया झालेल्या नसून त्यांना आंतरिक तर्क आहे. विद्यार्थी आपल्या बोलीचे नियम लिखित भाषेला लावतो किंवा अर्धवट कळलेला नियम गरजेपेक्षा दूरवर ताणतो. त्याच्यापाशी बुद्धीची वाण नसते, तर लिखित भाषेच्या सहवासाची असते. चूक मोजण्याऐवजी चुकीचे कारण वाचावयास शिक्षकाने शिकले पाहिजे, हा शॉनेसी यांचा धडा या अध्यापनपद्धतीचा नैतिक पाया ठरला.

प्रक्रियेच्या अवस्था : अध्यापनाच्या सोयीसाठी पुढील अवस्था मानल्या जातात. (१) पूर्वतयारी : विषयाविषयी जे जे आठवेल त्याचे टाचण करणे, प्रश्न काढणे, निरीक्षण, वाचन व चर्चा, तसेच कोणासाठी व कशासाठी लिहावयाचे हे ठरविणे. (२) कच्चा खर्डा : शुद्धलेखनासाठी न थांबता विचार कागदावर उतरविणे. ओळीआड ओळ मोकळी सोडण्याची सवय येथे उपयोगी पडते. पुढील फेरफारांना त्यामुळे जागा मिळते. (३) प्रतिसाद : खर्डा सहाध्यायी किंवा शिक्षक यांना वाचून दाखविणे व त्यांना काय कळले, काय कळले नाही, हे ऐकणे. (४) पुनर्लेखन : आशय व मांडणी यांत भर घालणे, वगळणे, क्रम बदलणे. (५) भाषिक तपासणी : वाक्यरचना, विरामचिन्हे व शुद्धलेखन पाहणे. (६) पक्की प्रत व प्रकाशन : वर्गातील भित्तिपत्रक, हस्तलिखित, शालेय वार्षिक किंवा जाहीर वाचन यांद्वारा मजकूर वाचकांपर्यंत पोहोचविणे.

या अवस्था म्हणजे पायऱ्या नव्हेत. पुनर्लेखन करताना नवी सामग्री हवीशी वाटली, तर लेखक पुन्हा पूर्वतयारीकडे वळतो. तथापि पुनर्लेखन व भाषिक तपासणी यांतील क्रम सांभाळणे इष्ट असते. ज्या परिच्छेदाची पुढे काटछाट व्हावयाची आहे, त्यातील ऱ्हस्व-दीर्घ आधीच दुरुस्त करण्यात श्रम वाया जातात. शिवाय एकदा ‘शुद्ध’ केलेला मजकूर विद्यार्थी बदलावयास तयार होत नाही.

पुनर्लेखनाचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. आठवडी बाजारावर लिहिताना एखादा विद्यार्थी पहिल्या खर्ड्यात असे लिहितो : ‘आमच्या गावचा बाजार खूप मोठा असतो. तेथे सर्व वस्तू मिळतात. बाजारात खूप गर्दी असते.’ या तीन वाक्यांत व्याकरणाची एकही चूक नाही आणि पारंपरिक पद्धतीने ती बिनखुणेची परत जातील. परंतु ती कोणत्याही गावाला लागू पडणारी आहेत. प्रतिसादाच्या वेळी सहाध्यायी विचारतो, ‘सर्वांत जास्त गर्दी कोठे असते? तू तेथे काय करतोस?’ उत्तरादाखल विद्यार्थी सांगू लागतो, की तो आईबरोबर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसतो व दुपार कलली की भाव उतरतात. दुसऱ्या खर्ड्यात तो लिहितो : ‘सकाळी दहा रुपयांना दिलेली मेथीची जुडी चार वाजता आई पाच रुपयांना देते. गर्दी तेव्हाच होते. पाच वाजता उरलेल्या जुड्या शेळीसाठी परत न्याव्या लागतात.’ आशयाची ही वाढ शिक्षकाने दिलेल्या मुद्द्यांतून झालेली नाही. विद्यार्थ्याला ठाऊक असलेली गोष्ट लिहिण्यास योग्य आहे, हे एका प्रश्नाने त्याच्या लक्षात आणून दिले.

शिक्षकाचा प्रतिसाद : प्रक्रियेच्या अध्यापनात शिक्षक हा प्रथम वाचक व नंतर परीक्षक असतो. डॉनल्ड ग्रेव्हझ (१९३०–२०१०) यांनी न्यू हॅम्पशर राज्यातील अ‍ॅटकिन्सन येथील प्राथमिक शाळेत १९७८ ते ८० या काळात मुलांच्या लेखनाचे निरीक्षण केले. मूल लिहीत असतानाच शिक्षकाने त्याच्याशी केलेला दोन-तीन मिनिटांचा संवाद हे अध्यापनाचे प्रभावी साधन असल्याचे त्यांनी प्रतिपादिले. त्यांचा रायटिंग : टीचर्स अँड चिल्ड्रेन ॲट वर्क (१९८३) हा ग्रंथ शिक्षकांमध्ये विशेष प्रसिद्ध आहे.

लेखी शेऱ्यांच्या बाबतीत काही पथ्ये पाळणे आवश्यक ठरते. ‘अस्पष्ट’, ‘विस्तार करा’, ‘भाषा सुधारा’ यांसारखे शेरे कोणत्याही वहीत कोठेही लिहिता येतात. त्यांवरून काय करावे हे विद्यार्थ्याला कळत नाही. एकाच परिच्छेदात ‘हा भाग वाढवा’ असे सांगून त्यातीलच प्रत्येक शब्दाचे शुद्धलेखनही दुरुस्त केले, तर दोन सूचना परस्परविरोधी होतात. पहिल्या खर्ड्यावर आशयाविषयी एक-दोन नेमके प्रश्न विचारणे आणि भाषिक चुकांपैकी वारंवार होणारी एखादीच निवडून ती पुढील खर्ड्यात विद्यार्थ्याकडून शोधवून घेणे, हे अधिक फलदायी असते. शेऱ्यानंतर पुनर्लेखनाची संधी दिली नाही, तर उत्तम शेराही निरुपयोगी ठरतो.

द्वितीय भाषेतील लेखन : दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या बाबतीत लेखन हे प्रदीर्घ काळ व्याकरणाच्या सरावाचे साधन मानले जाई. व्हिव्हियन झॅमल यांनी १९८३ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या सहा प्रगत विद्यार्थ्यांचा अभ्यास करून असे दाखविले, की हे विद्यार्थीही लिहिता लिहिता आपले म्हणणे शोधतात. त्यांच्यातील कुशल लेखक भाषेच्या अडचणींना आशयावर मात करू देत नाहीत, अडलेल्या शब्दासाठी जागा सोडून ते पुढे जातात. १९८५ मध्ये त्यांनी शिक्षकांच्या शेऱ्यांची तपासणी करून, भाषाशिक्षक पहिल्या खर्ड्यालाच अंतिम प्रत समजून वागतात, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी ॲन रेम्स यांनी, नवशिक्या लेखकांना प्रक्रियेबरोबरच शब्दसंपत्ती व वाक्यरचना यांसाठी अधिक साहाय्य लागते, या गोष्टीकडे लक्ष वेधले. पहिल्या भाषेत टाचण करून दुसऱ्या भाषेत खर्डा लिहिण्याची मुभा देणे, हे अशा साहाय्याचे एक साधे रूप होय.

व्याकरणाच्या चुका दुरुस्त कराव्यात की नाहीत, याविषयी मतभेद आहेत. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये अशी दुरुस्ती निष्फळ व अपायकारक असल्याचे मत मांडले. डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याचा प्रतिवाद केला आणि निवडक, स्पष्ट व सातत्याने केलेली दुरुस्ती उपयुक्त ठरू शकते, अशी बाजू मांडली. या वादानंतर झालेल्या संशोधनाचा कल सामान्यतः दुसऱ्या मताकडे आहे.

आक्षेप व परिष्करण : या पद्धतीवर घेतलेले आक्षेप महत्त्वाचे आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनी येथील जे. आर. मार्टिन, जोन रॉदरी इ. भाषावैज्ञानिकांनी १९८० नंतरच्या दशकात असे दाखविले, की विषय मुलांवर सोपविल्यास बहुतेक मुले आपले अनुभव व गोष्टीच लिहितात. अहवाल, स्पष्टीकरण, युक्तिवाद हे ज्ञानव्यवहारातील व सत्ताव्यवहारातील लेखनप्रकार त्यांच्या वाट्याला येत नाहीत. त्यांनी सुचविलेल्या अध्यापनचक्रात प्रथम नमुन्याचे विश्लेषण, नंतर शिक्षक व वर्ग यांनी मिळून फळ्यावर केलेली रचना आणि शेवटी स्वतंत्र लेखन, असा क्रम असतो. अमेरिकेत लिसा डेल्पिट यांनी १९८६ व १९८८ मधील लेखांत, प्रमाणभाषेचे संकेत घरी शिकलेल्या मुलांना मुक्त लेखन पुरते, पण इतरांना ते संकेत कोणीतरी उघड करून सांगावे लागतात, असे परखडपणे नमूद केले. संकेत न सांगणे म्हणजे स्वातंत्र्य देणे नव्हे, तर काहींना दाराबाहेर ठेवणे होय, असा या टीकेचा आशय आहे. डॅनियल होरोविट्झ यांनी १९८६ मध्ये, विद्यापीठीय परीक्षेत ठरावीक वेळेत एकदाच लिहावे लागते, त्याची तयारी या पद्धतीत होत नाही, असा व्यावहारिक आक्षेप घेतला.

या टीकेमुळे प्रक्रिया व लेखनप्रकार यांचा मेळ घालण्याकडे कल वाढला. शॉनेसी यांची दृष्टी आणि डेल्पिट यांची मागणी परस्परविरोधी नाहीत : चुकीमागील तर्क समजून घ्यावयाचा तो संकेत लपविण्यासाठी नव्हे, तर नेमका कोणता संकेत शिकवावयाचा हे कळण्यासाठी.

परिणामकारकता : स्टीव्ह ग्रॅहम व डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरील प्रयोगांचे एकत्रित सांख्यिकीय विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात नियोजन, पुनर्लेखन इत्यादींच्या युक्त्या प्रत्यक्ष शिकविण्याचे परिणाममान ०·८२, सारांशलेखन शिकविण्याचे ०·८२, सहाध्यायींनी मिळून लिहिण्याचे ०·७५ आणि प्रक्रियापद्धतीच्या सर्वसाधारण अवलंबाचे ०·३२ आढळले. शिक्षकांना या पद्धतीचे खास प्रशिक्षण दिलेले होते तेथे तिचे परिणाममान ०·४६, तर ज्या ठिकाणी असे प्रशिक्षण नव्हते तेथे अवघे ०·०३ होते. अवस्थांची नावे भिंतीवर टांगून लेखन सुधारत नाही; प्रत्येक अवस्थेत काय करावयाचे, हे शिक्षकाने स्वतः करून दाखवावे लागते, असा याचा अर्थ होतो. शिक्षकाने स्वतः लिहावे, या भूमिकेवरच जेम्स ग्रे यांनी १९७४ मध्ये बर्कली येथे ‘बे एरिया रायटिंग प्रॉजेक्ट’ हा उपक्रम सुरू केला. पुढे त्याचा विस्तार राष्ट्रीय पातळीवर झाला.

मराठीच्या अध्यापनातील उपयोजन : मराठीच्या वर्गात शॉनेसी यांच्या दृष्टीचे महत्त्व विशेष आहे. ण व न यांतील भेद ज्या बोलींत उच्चारला जात नाही, त्या बोली बोलणारा विद्यार्थी ‘पानी’ लिहितो, तेव्हा तो आपल्या कानाशी प्रामाणिक असतो. ‘कवीसंमेलन’ लिहिणारा विद्यार्थी तर नियम पाळूनच चुकतो : मराठी साहित्य महामंडळाच्या शासनमान्य नियमांनुसार (१९६२) ‘कवी’ हा शब्द दीर्घान्त लिहावयाचा असतो, पण समासात तो पूर्वपदी आला की ‘कवि’ असा ऱ्हस्वान्त होतो, हा नियमाचा उत्तरार्ध त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. पहिल्या चुकीसाठी लिखित शब्दांचे वाचन वाढवावे लागते, तर दुसरीसाठी नियमाची एक ओळ पुरते. दोन्हींवर सारखीच लाल खूण केल्यास हा फरक पुसला जातो. अहिराणी, कोरकू, गोंडी वा भिल्ली बोलत शाळेत येणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर प्रमाण मराठी ही जवळजवळ द्वितीय भाषाच असते.

मुलांच्या स्वतःच्या अनुभवाला लेखनात स्थान देण्याचे प्रयत्न महाराष्ट्रातही झाले आहेत. लीला पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापूर येथे सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय हे त्यांपैकी एक होय. माध्यमिक शालान्त परीक्षेच्या मराठी कृतिपत्रिकेत पत्र, बातमी, सारांश इ. उपयोजित लेखनाचा झालेला समावेश लेखनप्रकारांच्या दृष्टीने स्वागतार्ह असला, तरी परीक्षेतील लेखन हे अपरिहार्यपणे एकाच खर्ड्याचे असते. बाजारात मिळणारे तयार निबंध पाठ करण्याची प्रवृत्ती त्यातून बळावते.

मोठ्या पटसंख्येची अडचण खरी आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाचा निबंध तपासण्यास पाच मिनिटे धरली, तरी एका विषयासाठी पाच तास लागतात. यावर पुढील उपाय शक्य आहेत : वर्षात बारा विषयांवर एकेकदा लिहवून घेण्याऐवजी चार विषयांवर तीन-तीन खर्डे करून घेणे, पहिल्या खर्ड्याला चौघाचौघांच्या गटात प्रतिसाद देणे, दर खेपेस बारा वह्या सविस्तर व उरलेल्या केवळ चाळून पाहणे, म्हणजे पाच खेपांत सर्वांची पाळी येते, आणि सर्वांना समान अशी एखादी उणीव निवडून ती फळ्यावर एका निनावी खर्ड्याच्या साहाय्याने मिळून दुरुस्त करणे. परीक्षेच्या वेळेतही पाच मिनिटे टाचणासाठी व पाच मिनिटे पुनर्वाचनासाठी राखून ठेवण्याची सवय लावता येते. मूल्यमापनासाठी पक्क्या प्रतीबरोबर खर्डेही जपून ठेवावेत. त्यांवरून विद्यार्थ्याची प्रगती केवळ गुणांपेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

संगणकाच्या प्रसारामुळे काटछाट करणे सोपे झाले, पण खोडलेला मजकूर नाहीसा होऊ लागल्याने प्रक्रियेची खूणही लोपू लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी ही संभाषणप्रणाली खुली झाल्यानंतर तर सुबक व निर्दोष मजकूर क्षणार्धात कोणालाही मिळू लागला आहे. अशा स्थितीत केवळ पक्क्या प्रतीवरून विद्यार्थ्याने काय शिकले, हे सांगणे कठीण झाले आहे. वर्गात हाताने केलेले टाचण, खर्डे, त्यांवरील प्रश्न आणि बदल का केला याचे विद्यार्थ्याने दिलेले कारण, यांचे मोल त्यामुळे वाढले आहे. भाषेचा विद्यार्थी निबंध लिहितो तो जगातील निबंधांच्या संख्येत भर घालण्यासाठी नव्हे, तर स्वतःचे म्हणणे शोधून ते दुसऱ्यास कळेल असे मांडता यावे यासाठी. हे सामर्थ्य त्याला खर्ड्यांवर केलेल्या कामातूनच लाभते.